किगालीच्या रस्त्यावर मी गाडीतून उतरले नाही

वंदना,

परवा तुझ्या शोकसभेत मी खोटं बोलले. मोठं खोटं नव्हतं, एका शब्दाचं होतं. ‘ती’ म्हणायच्या जागी मी ‘आम्ही’ म्हणाले.

आपल्या कंपनीच्या जुन्या लोकांतर्फे कुणीतरी दोन शब्द बोलावेत असं तुझ्या प्रकाशरावांनी सुचवलं, आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बरं बोलते हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी उठले आणि किगालीची गोष्ट सांगितली. तिथल्या बँकेतली क्लोदीन रागावून गाडीतून उतरली आणि मग ‘आम्ही दोघी’ तिच्यामागे उतरून तिच्याबरोबर घरापर्यंत चालत गेलो, असं सांगितलं. दोन-तीन जणांनी डोळे पुसले. पुढच्या रांगेत बसलेली तुझी प्राची मात्र माझ्याकडे एकटक बघत होती. ते बघणं मी दुःखाचं समजले.

खाली बसले आणि कान तापले. तुझ्या फोटोसमोर बोलले होते ना. मला कुणी विचारलं नव्हतं, अडवलं नव्हतं, तरी जीभ आपोआप तिकडे वळली. म्हणून हे लिहितेय. तू वाचणार नाहीस, म्हणूनच बहुधा खरं लिहिता येईल.

आपण दोघी एका टीममध्ये आलो त्या दिवशी हिंजवडीच्या कॅन्टीनमध्ये तू डबा उघडला होतास आणि मी तुझ्यासमोर बसले होते. तू नाव सांगितलंस, ‘वंदना शामराव.’

‘शामराव म्हणजे वडील. आणि आडनाव?’

‘नाही लावत.’

‘अच्छा. गाव कुठलं?’

‘यवतमाळकडचं.’

‘यवतमाळला कुठे? आमचे एक नातेवाईक होते तिकडे. आणि मिस्टरांचं काय नाव?’

एखादा कुलूपवाला एकामागून एक किल्ल्या लावून बघतो, तशी मी तुला विचारत होते. तू शांतपणे एकेका प्रश्नाचं उत्तर देत होतीस, आणि प्रत्येक उत्तरात नेमकं तेवढंच वगळत होतीस. शेवटी ठेच्याची डबी माझ्याकडे सरकवून म्हणालीस, ‘घ्या, तिखट आहे.’ तेव्हा आपण अजून अहो-जाहो करत होतो.

ते आडनाव मला पुढे किगालीला जायच्या वेळी कळलं. आपल्या दोघींचे व्हिसाचे फॉर्म मी भरत होते आणि तुझा पासपोर्ट माझ्यासमोर उघडा होता. मला काही धक्का वगैरे बसला नाही. फक्त ‘हं, वाटलंच होतं’ असं झालं. या ‘वाटलंच होतं’ची मला तेव्हा लाज वाटली नाही. आता वाटते.

पुण्यात बनलेलं बँकेचं सॉफ्टवेअर तिथल्या एका बँकेत बसवायचं आणि तिथल्या लोकांना शिकवायचं, असं सहा आठवड्यांचं काम होतं. तू चार वर्षांच्या प्राचीला तुझ्या आईपाशी ठेवून आली होतीस आणि रोज संध्याकाळी फोनवर तिला बडबडगीत म्हणून दाखवायचीस. टेकडीवरच्या त्या गेस्ट हाउसमध्ये आपण संसार मांडला होता. तुझं ज्वारीचं पीठ, माझं मेतकूट. ऑम्लेटच्या तव्यावर तू भाकरी करायचीस आणि ती फुगली की अशी ऐटीत माझ्याकडे बघायचीस! वंदना, ते सहा आठवडे माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते. हेही खरंच आहे, आणि ते मी लाजेखाली गाडून टाकणार नाही.

क्लोदीन त्या बँकेत हिशेबखात्यात होती. आपल्याच वयाची, उंच, इंग्रजी सावकाश आणि स्वच्छ बोलायची. तिनेच आपल्याला भाजीबाजार दाखवला, शिंप्याकडे नेलं. रविवारी काय बघण्यासारखं आहे असं मीच तिला विचारलं. मला गोरिला बघायचे होते. त्याचं परमिट मिळेना, म्हणून मग तिथल्या नरसंहाराचं स्मारक. हा क्रम मी पुढे कधीच कुणाला सांगितला नाही. क्लोदीन म्हणाली, ‘बघायचं असेल तर मी नेते.’

तासाभराच्या अंतरावरचं ते साधं विटांचं चर्च. जीव वाचवायला लोक आत जमले होते आणि आतच मारले गेले. बाकांवर त्यांचे कपडे रचून ठेवले होते. सगळ्या कपड्यांचा रंग एकच झाला होता, मातीचा. दाखवणारा माणूस हळू आवाजात बोलत होता. फोटो काढू नका म्हणाला. मी कॅमेरा पर्समध्ये ठेवला आणि रडायला लागले. हुंदके देऊन, आवाज करून रडले. क्लोदीनने मला पाण्याची बाटली दिली. ज्या जागी तिने मला धीर द्यायचा, अशी ती जागा होती का, हे माझ्या मनात आलं नाही.

तू रडली नाहीस. तू एका काचेच्या पेटीपाशी उभी होतीस. आत लोकांची जुनी ओळखपत्रं होती. त्यांवर जमातीची नावं छापलेली, हुतू, तुत्सी अशी, आणि त्या माणसाची नसतील ती पेनाने खोडलेली. जे नाव उरलं, त्यावर मरण ठरलं. तू त्या माणसाला एकच प्रश्न विचारलास, ‘हे खोडायचं काम कोण करायचं?’

तो म्हणाला, ‘सरकारी कचेरीतला कारकून.’

‘कारकून,’ तू मराठीत म्हणालीस, स्वतःशीच. आणि बराच वेळ तिथून हलली नाहीस.

परतताना मी पुढे ड्रायव्हरशेजारी होते, तुम्ही दोघी मागे. गाडीत कुणी बोलत नव्हतं. मला ती शांतता सोसेना. मी मागे वळले आणि क्लोदीनला विचारलं, ‘तू... म्हणजे तुमचं घर... या दोघांपैकी कोणाकडचं?’

क्लोदीन खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, ‘आम्ही इथे आता हे विचारत नाही.’

मी ‘सॉरी’ म्हणाले, पण पुढे लगेच हेही म्हणाले, ‘मी सहज विचारलं.’

तिने ड्रायव्हरला त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. गाडी थांबली. ‘इथून माझं घर जवळ आहे,’ असं आपल्याला म्हणून ती उतरली. जवळ काही नव्हतं. दोन्ही बाजूंना केळीची शेतं होती आणि समोर चढ. ती चालायला लागली. तेवढ्यात मागचं दुसरं दार उघडल्याचा आवाज आला. तू उतरलीस. माझ्याकडे पाहिलंही नाहीस. पदर खोचलास, कारण त्या दिवशी तू साडी नेसली होतीस, चर्चमध्ये जायचं म्हणून. आणि भराभरा चालत तिला गाठलंस.

ड्रायव्हरने मला विचारलं, ‘मॅडम, हळूहळू त्यांच्या मागून जाऊ?’

मी म्हणाले, ‘नको. चला.’

शोकसभेत सांगायची गोष्ट ही होती. गाडी तुम्हा दोघींच्या बाजूने पुढे गेली तेव्हा मी खिडकीची काच वर केली, धूळ येत होती म्हणून.

तू दिवेलागणीला परत आलीस. हातात टोमॅटोंची पिशवी होती. क्लोदीनच्या घरी चहा घेतलास म्हणालीस. मी विचारलं, ‘काय म्हणाली?’

‘काही नाही. तिच्या आईचे गुडघे दुखतात.’

‘माझ्यावर रागावलीय?’

‘तिला तुझ्याशिवाय दुसरे विषय आहेत, मेधा.’

मग मी पुन्हा रडायला लागले. तू चिडलीस की तुझी बोली गावाकडे जायची. ‘काहून रडून राह्यली आता?’ म्हणालीस. मग खुर्ची ओढून समोर बसलीस. ‘एक सांग. तिनं उत्तर दिलं असतं, तर तू काय करणार होतीस? तिची माणसं मेली असती तर तिच्याशी एक वागणार, आणि तिच्या माणसांनी मारलं असतं तर दुसरं. असंच ना?’

‘अगं, मी सहज...’

‘सहजच विचारतात गं सगळे. मलाही तू सहजच विचारलं होतंस. डबा खाताना.’

मला वाटलं, आता मला सगळं कळलंय. मी तुझा हात धरला आणि म्हणाले, ‘वंदना, म्हणजे आपल्याकडेही हेच आहे गं. हेच सगळं. तुला आज त्या काचेसमोर काय वाटलं असेल...’

तू हात सोडवून घेतलास. ‘त्यांची मढी माझ्या अंगावर टाकू नको. ते त्यांचं आहे, माझं माझं आहे. तुला दोन्ही एकदमच रडून संपवायचंय.’ आणि उठून टोमॅटो धुवायला गेलीस.

आपलं ते भांडण तिथेच राहिलं. दुसऱ्या दिवशी बँकेत तू माझ्याशी नेहमीसारखी बोललीस. क्लोदीनही कामापुरतं, पण नीट बोलली. मी त्यालाच मिटलं समजले.

पुण्याला परत आल्यावर मी आमच्या सोसायटीच्या गणपतीच्या स्मरणिकेत त्या चर्चवर लेख लिहिला. फार गाजला. त्यात बाकांवरचे कपडे होते, ओळखपत्रं होती, माझे अश्रू होते. ‘माणसाला माणूस म्हणून बघण्याआधी त्याची जमात विचारणारा समाज कुठे जातो, ते मी पाहून आले आहे,’ असं शेवटचं वाक्य होतं. तुला अंक दिला. तू ऑफिसच्या बसमध्ये पूर्ण वाचलास, घडी घालून परत दिलास.

‘छान लिहिलंयस. तू गाडीतून उतरली नाहीस ते राहिलं का? जागेअभावी?’

मी हसले. तूही हसलीस. पुण्यात राहून तुझी जीभ पुणेरी झाली होती.

आणि मग ती घराची गोष्ट. ही मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही.

प्राचीसाठी चांगलं पाळणाघर कर्वेनगरात मिळालं होतं आणि तू तिकडे जागा शोधत होतीस. माझ्या मावशीची कर्वेनगरातली तळमजल्याची जागा रिकामी होती. मीच तुला म्हणाले होते, ‘तू काळजीच करू नकोस, झालंच समज.’ तू एकदा बाहेरून जाऊन बघूनही आलीस. अंगणातली जास्वंद तुला आवडली होती. प्राचीला खेळायला जागा आहे म्हणालीस.

मावशीचा फोन आला तो लेख वाचूनच. ‘मेधा, किती सुंदर लिहिलंयस गं! मला तर रडू आलं. कसली माणसं ही, शेजाऱ्यानं शेजाऱ्याला मारायचं म्हणजे!’ बराच वेळ ती लेखाबद्दल बोलली. मग म्हणाली, ‘बरं, ती तुझी मैत्रीण कधी येतेय जागा बघायला? नाव काय तिचं?’

‘वंदना.’

‘वंदना काय?’

‘वंदना शामराव.’

‘अगं, आडनाव काय?’

मला ‘माहीत नाही’ म्हणता आलं असतं. ‘ती लावत नाही’ म्हणता आलं असतं, आणि ते खरंही होतं. ‘मावशी, आत्ताच तू माझ्या लेखावर रडलीस ना?’ असंही म्हणता आलं असतं. मी आडनाव सांगितलं. मला कुणी दटावलं नव्हतं. विचारलं, म्हणून सांगितलं, कचेरीतल्या कारकुनासारखं. ते आडनाव मी इथे लिहीत नाही. तू लावत नव्हतीस, आणि मी एकदा उच्चारलं तेवढं पुरे झालं.

मग मावशी म्हणाली, ‘माझं काही नाही गं. तुला माहितीय, मी असलं काही पाळत नाही. पण वरच्या देशपांडीणबाई आहेत, सोसायटीत उगाच चर्चा... तू असं कर, भाच्याला दिली म्हणून सांग तिला.’

आणि मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी बसमध्ये, तुझ्या शेजारी बसून. ‘अगं, मावशीनं ऐनवेळी तिच्या भाच्याला दिली बघ जागा. मला इतकं वाईट वाटलं.’ तू माझ्याकडे पाहिलंस. फार वेळ नाही, सिग्नल सुटेपर्यंत.

‘ठीक आहे,’ म्हणालीस. ‘बिबवेवाडीत एक बघितलीय. तिसरा मजला आहे, लिफ्ट नाही. पण मालक बरा माणूस आहे.’

बिबवेवाडीतच तू राहिलीस, पुढे तीच जागा विकत घेतलीस. आपण मैत्रिणी राहिलो. माझ्या बाबांच्या आजारपणात तू रोज डबा पाठवलास, सलग तीन आठवडे. माझी नोकरी गेली तेव्हा तुझ्या ओळखीने मला दुसरी मिळाली. ते आठवलं की मला तुझे आभार मानावेसे वाटतात, आणि मानवत नाहीत.

मग तुझी किडनी गेली. दोन वर्षं, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. ते तीन मजले तू कशी चढायचीस? एका हाताला प्रकाशराव, दुसऱ्या हाताला प्राची, आणि प्रत्येक मजल्यावर ठेवलेलं एक प्लास्टिकचं स्टूल. मी यायचे तेव्हा धापा टाकत तुलाच सांगायचे, ‘बाई, काय हा तुमचा जिना! माझे गुडघे गेले.’ तू म्हणायचीस, ‘बस. पाणी घे.’

आज संध्याकाळी मी तुझ्या घरी गेले होते. प्रकाशराव कसल्याशा दाखल्यासाठी बाहेर गेले होते. प्राची एकटीच होती, तुझी औषधं खोक्यात भरत होती. न वापरलेल्या गोळ्या कुणाला उपयोगी पडतील का ते बघणार म्हणाली. मी तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, ‘प्राची, परवा मी सभेत जे सांगितलं ते खरं नव्हतं. तिथे फक्त तुझी आई उतरली होती.’

‘माहितीय मला, काकू,’ ती म्हणाली. ‘आईनं सांगितलं होतं.’

म्हणजे परवा मी बोलत होते तेव्हा ती पुढच्या रांगेत बसून सगळं जाणत होती.

मग मी घराचंही सांगितलं. मावशीचा फोन, आडनाव, खोटा भाचा. सगळं. ती गोळ्यांच्या पट्ट्या लावत ऐकत होती.

‘आईला तेही माहीत होतं. तुमच्या मावशींच्या गेटवर पुढे दोन महिने ‘भाड्याने देणे’ची पाटी होती. मला पाळणाघरात सोडायला ती रोज त्याच रस्त्यानं जायची.’

मी म्हणाले, ‘मला कधी बोलली नाही गं.’

प्राचीने खोकं बाजूला ठेवलं. तिचा आवाज चढला नाही, उलट जपूनच बोलली. ‘मागच्या वर्षी आम्ही तळमजल्याची जागा शोधत होतो, आईसाठी. महिनोन्महिने. कुठे भाडं परवडेना, कुठे पेशंट नको म्हणाले, आणि कुठे... असो. तेव्हा मी आईला म्हटलं, मेधाकाकूंच्या एवढ्या ओळखी आहेत, त्यांना विचारू या का? तर आई म्हणाली, तिला घराचं नको विचारूस. तिला अवघड होतं.’

‘मग?’

‘मग काय? राहिलो इथेच.’

वंदना, तुझं हे एक वाक्य घेऊन मला आता जगायचंय. तू मला माफ केलं होतंस की माझ्याकडून अपेक्षाच सोडली होतीस, हे मला कळायला मार्ग नाही. तुझ्या तिन्ही मजल्यांचं ओझं माझ्या एकटीवर आहे असंही मी म्हणणार नाही. ते म्हटलं तर तुझ्या दुखण्यातही मीच मधे येऊन बसेन, आणि तू म्हणशील, तुझ्याशिवाय दुसरे विषय आहेत, मेधा.

पण एक गोष्ट प्राचीला माहीत नव्हती आणि तुलाही नव्हती. ती मी तिला सांगितली, आता तुला सांगते. मावशी दोन वर्षांपूर्वी मुलाकडे नाशिकला गेली. कर्वेनगरच्या जागेच्या किल्ल्या माझ्याकडे आहेत. भाडेकरू मीच ठरवते. मागच्या वर्षी, तुम्ही घर शोधत होतात त्याच सुमाराला, ती तळमजल्याची जागा साडेतीन महिने रिकामी होती. मी दर रविवारी जाऊन पंखे लावून यायचे, दमट वास येऊ नये म्हणून. मावशीने कोण हवं, कोण नको असं काही सांगितलं नव्हतं. वरच्या बाईही आता राहिल्या नाहीत. अडवणारं कुणीही नव्हतं. तरी एकाही रविवारी माझ्या मनात तुझं नाव आलं नाही. देऊ नये असं वाटलं, अशातला भाग नाही. नाव आलंच नाही.

प्राचीने हे ऐकलं. मग माझ्यापुढचा चहाचा कप उचलला. तो गार झाला होता, मी घेतलाच नव्हता. आत जाऊन ओतून आली, विसळून पालथा घातला. मी चपला घातल्या तेव्हा दारापर्यंत आली.

‘काकू,’ ती म्हणाली, ‘दुसऱ्या मजल्यावरचा दिवा गेलाय. कठड्याला धरून जा.’